झऱ्याखालचे दवबिंदू

बेबीताई,

तुझ्या तेराव्याला सगळे बोलले. कॉलेजातल्या मॅडम बोलल्या, शेजारच्या काकू बोलल्या, तुझा थोरला भाऊ बाळारामदादा बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांत खाली बसला. मग भावजींनी, तुझ्या नवऱ्याने, माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचे ग्लास गोळा करायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेले. एरवी माझं तोंड बंद व्हावं म्हणून तू कितीदा हात जोडलेस, आणि खरोखर बोलायची वेळ आली तेव्हा मी तुझ्या मोरीत भांडी घासत उभी राहिले.

मला जे बोलायचं होतं ते तुझ्या भावांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोलले, ताई. पंचवीस वर्षांत एकदाच, पण नको तिथं नेमकं बोलले. भाद्रपदातल्या आपल्या शेवटच्या फेरीत तुझ्या गावच्या झऱ्याखाली मी उतरले, बघून वर आले आणि तुला म्हणाले, काही नाही तिथं. त्या एका शब्दावर विसंबून तू वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडलास. आता तू नाहीस आणि मला हे कुणाला तरी सांगायचंय. कुणाला तरी म्हणजे तुलाच, दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग.

आपली ओळख एका पिशवीवरून झाली. कॅम्प तीनमध्ये, सिंधी बाजारात, माझा जीन्सचा कारखाना. कारखाना म्हणजे सहा मशीन, एक कापायचं टेबल आणि पायाखाली निळ्या चिंध्यांचा ढीग. तू आलीस आणि म्हणालीस, जाड जीन्सची पिशवी शिवून हवी, आतून प्लास्टिकचं अस्तर, कंबरेला बांधता येईल असा पट्टा. पावतीवर लिहायला नाव विचारलं तर म्हणालीस, बेबी. मी म्हटलं, घरातलं नको, खरं सांगा. हेच खरं, शाळेच्या दाखल्यावरही हेच, आईबापाला दुसरं शोधायला सवड झाली नाही, असं तू अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलंस. चष्मा लावलेली, पदर खोचलेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई आणि नाव बेबी. मला दिवसभर हसू येत राहिलं.

पिशवी न्यायला आलीस तेव्हा काचेच्या नळीत एक झाड घेऊन आलीस. वीतभर उंचीचं, दोऱ्यासारखी लांब पानं, पानांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक थेंब. मी म्हटलं, दव पडलंय. तू म्हणालीस, याचं नावच दवबिंदू, हात लावून बघ. बोटाला चिकटलं. एका पानाने चिलट धरलेलं होतं आणि पान त्याच्याभोवती वळलेलं होतं. कारागीर मशीन थांबवून बघायला आले. शेजारच्या दुकानातले सिंधी शेठ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ये तो अपने जैसा है. एक जगह बैठके गिऱ्हाईक पकडता है." तू इतकी हसलीस की नळी हातातून पडता पडता राहिली. त्याच दिवसापासून मी तुला ताई म्हणायला लागले.

माझ्याकडे माल पोचवायची जुनी व्हॅन होती आणि तुला जागा माहीत होत्या. तेवढ्यावर आपली दरवर्षीची फेरी ठरली. गौरी-गणपती गेले की पुढचा रविवार आपला. आधी नुसतं अंबरनाथहून बदलापूरपर्यंत, मग बारवीच्या रस्त्याने मुरबाडकडे, मग माळशेज, आणि एकदा तर दोन दिवस काढून कोकणातल्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर. घरचे विचारायचे, देवदर्शनाला का? मी खुशाल हो म्हणायचे. दोन बायका, मागे जीन्सचे गठ्ठे, मांडीवर डब्यातल्या भाकऱ्या, आणि रस्त्याकडेला ओला कातळ दिसला की तुझं थांब, थांब, थांब. मी ब्रेक मारून गाडी कडेला घेईपर्यंत तू निम्मी वाट चालून गेलेली असायचीस. मागून येणारे ट्रकवाले शिव्या द्यायचे त्या मला.

सीतेची आसवं तू मला माळशेजच्या वाटेवर दाखवलीस. निळी-जांभळी इवलाली फुलं, सगळा कातळ भरून. मी म्हटलं, चला, ही तरी सोज्वळ आहेत. तू बोटाने चिखल बाजूला केलास आणि खालच्या बारीक दोऱ्यांना लागलेल्या पिशव्या दाखवल्यास, मोहरीहून लहान. पाण्यातले किडे त्यात ओढले जातात, म्हणालीस. "वरून फुलं आणि खालून शिकार. तुझं बरं आहे रजे, तू वरूनच ओरडतेस." मी त्यावरही ओरडलेच.

आपलं भांडण तेव्हाच सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, झाडाने झाडासारखं राहावं. ऊन मिळतं, पाणी मिळतं, मग जीव कशाला मारायचा? तू म्हणायचीस, त्या मातीत काही नसतं गं, गवतसुद्धा धड धरत नाही. अशा उपाशी जागेत राहायचं तर काहीतरी वेगळं शिकावंच लागतं. मी म्हणायचे, मग चांगल्या जागी जावं की. तू कपाळाला हात लावायचीस.

ते मी करूनही पाहिलं. तुझ्या नकळत एक झाड मुळासकट उचललं आणि घरी कुंडीत लावलं. साताऱ्याहून आईने पाठवलेलं वर्षभर मुरलेलं शेणखत घातलं, अगदी हात सैल सोडून. आमच्याकडे जीव लावायचा म्हणजे खत घालायचं, दुसरं आम्हाला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी झाड काळं पडलं. तुला सांगितलं तर तू आठवडाभर बोलली नाहीस. मग एका दुपारी फोन केलास आणि म्हणालीस, "रजे, सगळ्यांना पोटभर घालून जगवता येत नाही." एवढंच बोललीस आणि ठेवून दिलास.

तो राग माझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त होता, हे मला फार उशिरा कळलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी दरवर्षी झाडं लागायची. प्रत्येक मुलाच्या टेबलावर एक. तुला चिखलोलीच्या माळावर पाठवायचे आणि मी शिवलेली पिशवी भरून तू झाडं आणायचीस. परीक्षा झाली की ती कचऱ्याच्या टोपलीत जायची. दरवर्षी माळावर थोडी कमी दिसायची आणि दरवर्षी तेवढीच उपटावी लागायची. मग तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि सगळे म्हणाले, बिल्डरांनी वाट लावली. तू एकदाच म्हणालीस, "बिल्डर नंतर आले. त्याआधी मी येऊन गेले होते." मी नोकरीचं काम होतं वगैरे काहीतरी समजावलं. तू ऐकून घेतलंस, पण पटलं नव्हतं.

म्हणून तुझ्या गावचा उतार तू कॉलेजला कधी सांगितला नाहीस. बदलापूरच्या पुढे, तुझ्या वडिलांच्या जमिनीत, बैलगाडीच्या वाटेपासून तीस पावलं खाली. वर बारीकसा झरा, त्याचं पाणी खडकावरून झिरपत उतरतं, माती नावालाच. भात होत नाही, नाचणी होत नाही, म्हणून वडिलांनी तो तुकडा सोडूनच दिला होता. तुझी आई तिथल्या दवबिंदूंना नुसतं चिकटं गवत म्हणायची आणि तू तिथे खेळायला बसलीस की दंडाला धरून ओढून आणायची, परकर खराब होतो म्हणून. कॉलेजात त्याच गवताचं मोठं इंग्रजी नाव ऐकलंस त्या दिवशी तू घरी येऊन आईला सांगितलंस. आई म्हणाली, असेल बाई, पण परकर तर खराब होतो ना. ही गोष्ट तू मला दर फेरीला सांगायचीस आणि मी दर फेरीला नव्याने ऐकायचे.

वडील गेले आणि सातबाऱ्यावर दोन भावांबरोबर तुझं नाव चढलं. भावांना तो उतार सपाट करून बंगला बांधायचा होता, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पोरांना राहायला द्यायला. त्यासाठी तुझं हक्कसोडपत्र हवं होतं. तुमच्याकडेच कशाला, आमच्याकडेही बहिणी तेच करतात. कचेरीत जाऊन सही करायची, वाटा भावांच्या नावे सोडायचा आणि माहेर उघडं ठेवायचं. सही करणाऱ्या बहिणीला कुणी कारण विचारत नाही, न करणारीला सगळा गाव विचारतो. तू म्हणालीस, मला जमीन नको, फक्त तेवढा उतार राहू द्या, मग सही करते. यावर कोण विश्वास ठेवणार? बहिणीला वाटा हवाय आणि गवताचं निमित्त काढते, असंच सगळ्यांना वाटलं.

चार वर्षं भाऊबीज झाली नाही. गावच्या देवाच्या पालखीचं बोलावणं आलं नाही. बाळारामदादाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आली, ती एकट्या भावजींच्या नावाने. मी त्या दिवशी तुझ्याकडे होते. तू त्या नावावरून बोट फिरवत बसलीस आणि मग उठून कुकर लावलास.

मी तुला किती बोलले असेन त्या चार वर्षांत. दोन खाटांएवढ्या चिखलासाठी सख्खे भाऊ तोडतेस म्हणाले. तू म्हणायचीस, तुला नाही कळायचं. त्याचा मला फार राग यायचा, कारण मला भाऊ नाही. लहानपणापासून भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत आले. ज्या बाईला दोन भाऊ आहेत ती त्यांना गवतापायी घालवते हे मला बघवत नव्हतं, आणि बघवत नव्हतं हे तुला सरळ सांगायच्याऐवजी मी टोमणे मारत राहिले.

मग गेल्या वर्षी तुझी फुफ्फुसं बिघडली. आधी जिना बंद झाला, मग बाजार, मग बोलता बोलता थांबायला लागलीस. यंदा मी फेरीचा विषयच काढला नव्हता. गौरी गेल्या आणि तुझाच फोन आला, "व्हॅन चालू आहे ना?" मी नाही म्हणू शकले नाही. रविवारी सकाळी अंबरनाथला तुझ्या इमारतीखाली भावजींनी ऑक्सिजनचं नळकांडं गाडीत ठेवलं, तुला बसवलं, आणि मला गाडीच्या मागे बोलावून हळूच म्हणाले की डॉक्टर म्हणतात हिवाळा निघणं कठीण आहे. तिला सांगितलेलं नाही, म्हणाले. मी मान हलवली आणि येऊन गाडी सुरू केली.

चिखलोलीला तू काच खाली करायला लावलीस. ज्या माळावर आपण चपला हातात घेऊन चालायचो तिथे वाहनतळ होता आणि त्यापलीकडे नव्या स्टेशनाच्या नावाने जाहिराती. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, कौनसा फ्लॅट देखना है? तू म्हणालीस, जुन्या ओळखीचं कुणी राहायचं इथे. तो बिचारा वही उघडून नाव विचारायला लागला. आपण हसलो, पण तुला हसताना धाप लागली म्हणून मी गाडी पुढे काढली.

बदलापूर संपल्यावर एका बांधावर सीतेची आसवं दिसली. मी उतरून फोनमध्ये फोटो काढून आणला. तू तो बोटांनी मोठा करकरून पाहिलास, मग फोन मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "आज काय ते ठरवते. झऱ्याखाली दवबिंदू असले तर सही नाही, मरेपर्यंत नाही. नसले तर उद्या दादाला फोन करते. मला उतरता यायचं नाही. तू बघून ये. तू सांगशील ते मी धरून चालेन."

मी मुकाट्याने गाडी सुरू केली. मी गप्प बसले की तू नेहमी माझी नाडी बघायचीस, त्या दिवशी तू बघितली नाहीस.

गाडीवाटेच्या टोकाला मी व्हॅन थांबवली. नाकात नळी, मांडीवर ती जुनी पिशवी, अशी तू समोर पाहत बसलीस. मी खाली उतरले. तिथे काय होतं ते सांगणार आहे, पण आधी मला वर येऊ दे. वर येतानाच्या तीस पावलांत माझं सगळं ठरलं. मला ती पत्रिका आठवली आणि भावजी गाडीमागे काय म्हणाले ते आठवलं. हिवाळा निघणार नसेल तर तो भावांशिवाय कशाला जावा, एवढंच डोक्यात होतं. गाडीत शिरले आणि म्हणाले, "काही नाही ताई. नुसतं गवत माजलंय."

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं."

"पाण्याच्या कडेला?"

"तिथंही."

तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "बरं." आणि थोड्या वेळाने, "कुठेतरी चहा घेऊ." बदलापूरच्या अलीकडच्या टपरीवर तू अर्धा कप चहा घेतलास आणि दोन्ही बिस्किटं मला दिलीस. तू रडशील म्हणून मी तयारीत होते. तू रडली नाहीस, दमली असशील असं मी धरून चालले.

दहा दिवसांत सही झाली. मी मालाची गडबड सांगून कचेरीत आले नाही. त्याच संध्याकाळी दोघे भाऊ बायकांना घेऊन तुझ्या घरी आले, गावचा भोपळा, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. तुझ्या पलंगाशी खाली फरशीवर बसून जेवले, असं भावजींनी सांगितलं. त्यानंतर एक दिवसाआड कुणी ना कुणी यायचंच. बाळारामदादा नळकांडं स्वतः बदलायला शिकला. मी आले की दारातूनच तुमचं बोलणं ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलताना तू हाय, नाय, व्हतं करायचीस. पंचवीस वर्षांत मी तुझी ती बोली ऐकली नव्हती. ती ऐकून मला इतकं बरं वाटायचं. खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसले की वाटायचं आता सांगून टाकावं, तेवढ्यात धाकटा भाऊ चहा घेऊन यायचा.

भाऊबीज आठवड्यावर असताना तू गेलीस. सवाष्ण बाईला शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ ती घेऊन आले, हिरवी, काठाची, आणि दारातच बाळारामदादाच्या गळ्यातून आवाज फुटला. मी आणि तुझ्या भावजयीने तुला ती नेसवली. भाऊ आले नसते तर भावजींनीच कुठूनतरी साडी आणली असती आणि खोलीतल्या प्रत्येक बाईला ते कळलं असतं. निऱ्या मला दोनदा सोडून पुन्हा घालाव्या लागल्या. सगळ्यांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच ताई, पण त्यात हेही होतं की ही साडी मी खोटं बोलून मिळवली आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी व्हॅन घेऊन तुझ्या गावी गेले. बाळारामदादाला सगळं खरं सांगायचं, पाया पडायचं आणि तो उतार मागायचा, असं घोकत गेले होते. अंगणात भाताचे भारे पडले होते. त्याने खाट टाकून दिली, वहिनीने चहा आणला. सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून मी विचारलं, उताराचं काम कधी काढताय?

"मार्गशीर्ष सरल्याबिगर नाय," तो म्हणाला. "बायला शब्द दिलाय."

मी म्हटलं, कसला शब्द?

"सही करताना बोलली. दादा, मार्गशीर्ष सरेपर्यंत झऱ्याखाली मशीन घालू नको. मी बोललो, का गो बाय? तर बोलली, यवढं ऐक, मंग तुझं तू कर. आता ती नाय. शब्द तर हाय ना."

मी चहा खाली ठेवला. मार्गशीर्ष का, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, तू दर फेरीला सांगायचीस. दवबिंदू एका वर्षाचं झाड. पावसाबरोबर उगवतं, भाद्रपदात फुलतं, थंडी पडली की वाळतं, आणि मार्गशीर्ष सरता सरता धुळीसारखं बी सांडून संपतं. ज्या उतारावर नुसतं गवत माजलंय त्याच्यासाठी अशी मुदत कुणी मागत नाही. त्यांना वाचवा असं तू म्हणाली नाहीस. त्यांचं वर्ष पुरं होऊ द्या, एवढंच मागितलंस.

म्हणजे तुला माहीत होतं. कसं, ते मला झऱ्याकडे चालत जाताना कळलं. रिकामा उतार बघायला पाच मिनिटं पुरतात. मी त्या दिवशी खाली किती वेळ होते, मला आठवत नाही, पण तुझ्या हातात घड्याळ होतं. शिवाय तुला माझं तोंड वाचता येत होतं.

मी बाळारामदादाला काही सांगितलं नाही. खाली जाऊन खडकावर बसले आणि आधी तुझ्यावर चिडले, चांगली मोठ्याने चिडले, तिथे ऐकायला कुणी नव्हतं. मी दोन महिने पोटात निखारा घेऊन फिरते आहे आणि तुला सगळं ठाऊक होतं? एक शब्द बोलता आला नाही? मग राग उतरत गेला तसं एक एक सुचायला लागलं. बघायला पाठवायचंच होतं तर भावजींना पाठवता आलं असतं, कॉलेजातल्या एखाद्या मुलीला पाठवता आलं असतं. तुला भाऊ हवे होते, ताई. फार हवे होते. पण झाडं डोळ्यांनी पाहिली असतीस तर सही तुझ्या हातून झाली नसती. चिखलोलीनंतर ती होणारच नव्हती. म्हणून चार वर्षं सही कर, सही कर म्हणून जिने तुझं डोकं खाल्लं तिलाच तू खाली पाठवलंस. ती वर येऊन काय सांगणार हे तुला मी गाडी सुरू करण्याआधीच कळलं होतं.

किंवा मी माझ्या सोयीचं बोलते आहे. तू असतीस तर तसंच म्हणाली असतीस. तुला विचारता येत नाही, आणि आता हे भांडणही तसंच राहणार.

काहीही असो, तू मला खोटं बोलू दिलंस, वर दोन बिस्किटंही दिलीस. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. पण एका गोष्टीचं दुःख मात्र कमी होत नाही. ज्यांच्यासाठी तू चार वर्षं माहेर गमावलंस ते तुझ्यापासून तीस पावलांवर होते आणि तू ते शेवटचे पाहिले नाहीस. तू पुन्हा एकदा विचारलं असतंस, रजे, खरं सांग, तर मी तुला पाठीवर घेऊन खाली नेलं असतं. नळकांड्यासकट नेलं असतं.

तर आता खरं सांगते. त्या दिवशी झऱ्याखाली दवबिंदू होते. इतके मी कुठेच पाहिले नव्हते, माळशेजला नाही, कोकणातल्या सड्यावर नाही. पाण्याच्या दोन्ही कडांना आणि पार खालच्या खडकापर्यंत. पाय कुठे ठेवावा कळेना म्हणून मी चपला काढल्या. ऊन नुकतं वर आलं होतं आणि फुलं उघडली होती, गुलाबी, काही अगदी पांढरट, तू म्हणायचीस तशी. केसाकेसाच्या टोकाला थेंब होता. एका झाडाला चतुराच्या जातीची बारीक निळी टाचणी चिकटली होती, तिचे पंख अजून हलत होते, आणि तिला सोडवावं की नाही याचा विचार करत मी कितीतरी वेळ उकिडवी बसले होते. मग सोडवलं नाही. तू सोडवू दिलं नसतंस.

आणि मी तुला हाक मारणार होते. खोटं बोलायचं तेव्हा मनातही नव्हतं, ते वर येताना आलं. त्या क्षणी मला फक्त तू तिथे हवी होतीस, तोंड उघडून मी ताई म्हणणारच होते. तेवढ्यात वर व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं वारा घेतेस. आता वाटतं, तू एक पाय बाहेर टाकला असशील. मी हाक मारायची थांबले आणि कान देऊन ऐकत राहिले. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते दार लागलं.